वितळलेली वाटी

गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातच्या दातांनी हसायची. दातांच्या डॉक्टरांना दातांवर बसवायच्या टोप्या करून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिची हयात गेली होती. चिमूटभर पांढरी भुकटी पाण्यात कालवायची, बारीक कुंचल्याने धातूच्या ठशावर तिचे थर चढवायचे, मुठीएवढ्या भट्टीत भाजायचं आणि शेजारच्या खऱ्या दाताशी रंग असा जुळवायचा, की त्या माणसाच्या बायकोलाही फरक कळू नये. सगळे तिला दातवालीच म्हणायचे आणि तिलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मग प्रयोगशाळेत दात कोरणारं यंत्र आलं. यंत्राला चहा लागत नव्हता, त्याचे डोळे दुखत नव्हते आणि ते रजा मागत नव्हतं. दातवालीकडे राहिलं ते यंत्रातून निघालेल्या दातांना शेवटची चकाकी द्यायचं काम. दुपारपर्यंत ते उरकायचं. उरलेला दिवस खायला उठायचा.

"हिला काहीतरी उद्योग लावून द्या रे कोणीतरी," तिच्या मोठ्या नणंद, ताई, म्हणाल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ताई त्यांच्याकडेच राहत होत्या. "जेवताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघत असते. माझा एखादा दात उपटून पुन्हा बसवेल, तोवर काही हिला चैन पडायचं नाही."

दोन गल्ल्या सोडून एक म्हाताऱ्या बाई घरामागच्या शेडमध्ये मातीकाम शिकवायच्या. दातवाली तिथे गेली ती निव्वळ वेळ काढायला. बाईंनी तिच्यापुढे मातीचा गोळा आणून आपटला. चांगला डोक्याएवढा होता. नखावर मावेल त्याहून जास्त माती दातवालीने कधी एका वेळी हाताळली नव्हती.

"अहो, एवढ्यात सबंध गावाचे दात होतील," ती म्हणाली.

"गाव राहू द्या. तुम्ही आधी एक साधं बोळकं करा."

दातवालीला हसू आवरेना. "जन्मभर लोकांची बोळकी बुजवत आले बाई, आणि आता तुम्ही मला बोळकं करायला सांगताय?"

बाईही हसल्या. हसताना त्यांनी तोंडावर हात धरला तो कशासाठी, हे दातवालीच्या नजरेतून सुटलं नाही. वरचा डावा सुळा, रंग एक छटा पिवळा, काम भलत्याच कोणाचं. पण तिने जीभ आवरली.

कुंभाराचं चाक काही तिला दाद देईना. गोळा मधोमध आणायचा म्हणजे काय, हे ऐकायला सोपं होतं. प्रत्यक्षात गोळाच तिला कोपरापासून गदगदा हलवायचा. ती जन्मभर बोटांच्या टोकांनी जगलेली. बाई पुन्हा पुन्हा सांगायच्या, "बोटांनी नको हो. खांद्याने. पोटाने. तुम्ही हलू नका, मग माती हलणार नाही." घरी आली की केसांत चिखल, चष्म्यावर चिखल. नवरा दारातच विचारायचा, "आज कोण जिंकलं?" आणि ती तशीच न्हाणीघरात जायची.

एका सकाळी मात्र काहीतरी झालं. नेहमीसारखी ती वाकली, कोपरं मांड्यांत रुतवली, श्वास सोडला, आणि हाताखालची सगळी धडपड एकाएकी थांबली. चाक गरगरत होतं. तिच्या तळव्यांना मात्र काहीच लागत नव्हतं, जणू तो गोळा फिरतच नव्हता. ओली, गार, निश्चल माती. चाक बंद पडलं असावं म्हणून तिने घाबरून खाली पाहिलं. चाक चालूच होतं. तिने हात उचलले आणि ती तशीच बसून राहिली.

"आली का मधोमध?" बाई लांबूनच म्हणाल्या. "माझ्या अंगावर अजून शहारा येतो त्याचा."

त्या दिवसानंतर ती वेळ काढायला जाईनाशी झाली. ती मातीसाठी जायला लागली.

वर्ष संपता संपता बाईंनी आपली लहान विजेची भट्टी तिला देऊ केली. आता दोन भट्ट्या सांभाळणं त्यांना झेपत नव्हतं. लहान म्हणजे तरी पाण्याच्या मोठ्या पिंपाएवढी. आत विटांचं अस्तर, त्यात वेटोळ्या तारा, आणि बाहेरून आत बघायला अंगठ्याएवढं एक भोक. बाई त्याला डोळा म्हणायच्या.

दातवालीचा नवरा नळकामाचा कारागीर होता. घरोघरची मोरी, गटार, टाकी, सगळं त्याच्या ओळखीचं. बोलणंही नळासारखंच, एकदा सोडलं की वाहतंच. त्याने गॅरेज रिकामं करून दिलं, एका वायरमन दोस्ताला धरून आणून जाडजूड केबल ओढून घेतली, भट्टी भिंतीपासून हातभर लांब बसवली. मग म्हणाला, "तू इथे चिखलाचे हात धुणार आणि माझी घरची लाइन तुंबणार. ते चालायचं नाही. आधी बाहेर गाळ बसायची टाकी करू."

त्या टाकीसाठी त्याने मागच्या अंगणात खणायला घेतलं. वरचा काळा थर सुटा होता. कमरेएवढं खाली गेल्यावर मात्र फावडं चिकटायला लागलं. करडी-पिवळी, तुपट, घट्ट माती. त्याने हातात घेऊन दाबली तर बोटांचे ठसे त्यात जसेच्या तसे राहिले. दुपारी तो घरात आला तो एक वाकडीतिकडी वाटी घेऊनच.

"हे बघ. तू गोण्या भरभरून माती आणतेस आणि आपण आपले मातीवरच झोपतोय! ही माझी वाटी. भाजायची."

"एवढी वाकडी?" ताई चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या.

"ताई, लहानपणी तू चहा केलास तो मी मुकाट्याने प्यायलो की नाही?"

वाटी वाळली. पहिल्या हलक्या भाजणीत ती बाकीच्या भांड्यांबरोबर गेली आणि विटेसारखी लालभडक होऊन बाहेर आली. नखाने टिचकी मारली तर टणटण वाजायची. नवऱ्याची छाती फुगली. आता तिला दुसऱ्या, मोठ्या आंचेच्या भाजणीतही जायचं होतं. बाईंना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अनोळखी मातीचा भरवसा नसतो. खाली जाड ताटली ठेवा."

त्या मोठ्या भाजणीत दातवालीचा जीव एका वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. तिने पहिल्यांदाच हातभर उंचीची बरणी केली होती. रुंद खांदे, आखूड मान. तिच्यावर द्यायची, आंचेत वितळून काच होणारी पांढरी झिलई तिने स्वतः मिसळली होती. किती चाचण्या केल्या याला हिशेब नाही. शेवटी हवा तो पांढरा मिळाला तेव्हा ताईंनी चाचणीच्या तुकड्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तर पुढच्या दातांचा रंग झाला!" दातवाली लाजली, पण खोटं नव्हतं ते.

भट्टी लावताना बरणी अर्ध्या भागात उभी राहिली, आणि उरलेल्या अर्ध्या भागात अर्धगोल फळ्यांवर कप, बशा. सगळ्यात वरच्या फळीवर जागा उरली होती ती अगदी कडेला, बरणीच्या खांद्याच्या जरा वर. वाटी तिथे बसली. खाली ताटली घातली तर झाकण लागत नव्हतं. "असू दे," ती म्हणाली. "विटेसारखी पक्की झालीये."

पहाटे तिने भट्टी सुरू केली. ताईंनी आपली औषधं आणि जास्तीचा चष्मा पिशवीत भरून पिशवी पुढच्या दाराशी ठेवली. "माझा तुझ्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पायांवर जास्त आहे."

दिवस चढत गेला तसा भट्टीचा डोळा आधी काळसर लाल झाला, मग नारिंगी, मग दुपार कलताना पिवळा. प्रयोगशाळेतली भट्टी दार बंद करून आपलं आपण काम करायची, काम झालं की घंटी वाजवायची. तिच्यात काय चाललंय हे आयुष्यभरात दातवालीने कधी पाहिलं नव्हतं. या भट्टीत मात्र बघावंच लागायचं. डोळ्यासमोर, आतल्या बाजूला, मातीचे तीन बारके सुळके उभे केले होते. मधला वाकला की आंच पुरी झाली असं समजायचं. संध्याकाळी तिने काळा चष्मा लावला, डोळ्याचं बूच काढलं आणि ती वाकली.

आत जाळ नव्हता. तिला ज्वाळांची अपेक्षा होती, निदान काहीतरी लवलवणारं, फडफडणारं. तिथे काहीच हलत नव्हतं. नुसता उजेड होता, काठोकाठ भरलेला, स्थिर, पिवळ्याच्याही पलीकडचा. आणि भांडी त्या उजेडात नव्हती, भांडी त्या उजेडाचीच झाली होती. भिंत, फळी, कप, सगळं एकच. एवढी खपून केलेली तिची बरणी कुठे संपते आणि तिच्याभोवतीची पोकळी कुठे सुरू होते, हे तिला सांगता येईना. वस्तूंना कडा असतात हे ती जन्मापासून धरून चालली होती. दाताची कडा जुळवण्यावर तर तिचं पोट होतं. इथे कडाच नव्हत्या.

बाईंनी शिकवलं होतं तशी तिने डोळ्यातून हलकीच फुंकर घातली. तेवढ्या गारव्याने क्षणभर आतल्या वस्तू पाण्यातून वर याव्यात तशा उमटल्या. मधला सुळका मान टाकून वाकलेला. बरणीचा खांदा. फळीची कड. आणि पुन्हा सगळं उजेडात बुडून गेलं.

ती मागे सरली. चष्मा काढून तिने नवऱ्यापुढे धरला.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"बघा."

तो वाकला. त्याच्या तोंडाची टकळी इतकी थांबलेली तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. मग तो म्हणाला, "अगं, आत कुणीच नाहीये."

"आहेत सगळे. फुंकर घाला."

त्याने फुंकर घातली, पाहिलं, पुन्हा घातली. "माझी वाटी कुठाय?"

तिने चष्मा हिसकून घेतला. फुंकर घातली. सुळका, खांदा, कड. वरच्या फळीच्या टोकाला जिथे वाटी होती तिथे काही म्हणजे काही नव्हतं. भट्टी बंद करून तिने बटण तीनदा तपासलं.

तेवढ्यात मागून ताई आल्या. "आता पळायचं का?" असं विचारायलाच आल्या असणार. पण त्या दोघांचे चेहरे बघून त्यांनी मुकाट्याने चष्मा घेतला, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि डोळ्याला डोळा लावला. आता त्या काहीतरी टोमणा मारणार म्हणून नवरा-बायको वाट बघत राहिले.

"किती शांत आहे आत," ताई म्हणाल्या. बस, एवढंच. मग आत जाऊन दाराशी ठेवलेली पिशवी त्यांनी उचलून पुन्हा कपाटात ठेवली.

भट्टी निवायला पुरता एक दिवस लागतो, आणि मध्ये झाकण उघडलं तर आतलं सगळं तडकतं. त्या निवण्याच्या दिवशी प्रयोगशाळेत दातवालीने एका दाढेला चुकून पुढच्या दाताची चकाकी दिली. नवरा कोणाकडे तरी गळका नळ दुरुस्त करायला गेला आणि त्या घरचा चांगला नळ खोलून बसला. वाटी वितळली हे दोघांनाही कळलं होतं. वितळून कुठे गेली, हा प्रश्न होता.

"मी दुसरी करीन," तो म्हणाला. "तुझ्या बरणीवर नसली म्हणजे झालं."

ती उठून भट्टी कितपत निवली ते बघून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी हात लावण्याइतकी निवली. दातवालीने बाईंनाही बोलावून घेतलं होतं; ताई तर आधीच येऊन उभ्या होत्या. आपल्या चुकीचा निवाडा व्हायचाच तर जाणत्या माणसापुढे व्हावा, असं तिला वाटलं. झाकण उचलल्याबरोबर ऊबदार कोरडी हवा तोंडावर आली आणि आतून बारीक किणकिण ऐकू यायला लागली. एक. मग दुसरी. जरा थांबून तिसरी, लांबची. झिलई निवताना बोलते, हे तिने बाईंच्या शेडमध्ये ऐकलं होतं. आपल्या घरात ऐकताना तिने झाकणावरचा हात तसाच ठेवला.

वरच्या फळीवर वाटी नव्हती. तिच्या जागी एक काळसर, चकचकीत थारोळं होतं, सरळ कडेपर्यंत गेलेलं. कडेवरून ते खाली उतरलं होतं. खाली बरणी होती.

"गेली," नवरा पुटपुटला. "अगं, मी तुझी बरणी घालवली."

दातवालीने फळी काढून बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी बरणी वर घेतली. बरणी अजून कोमट होती, झोपेतून उठवलेल्या लेकरासारखी. गॅरेजच्या दारात, उन्हात, तिने ती फिरवली.

त्या दातपांढऱ्या खांद्यावर वितळलेली वाटी ओतली गेली होती. मधोमध ती काळी होती, इतकी खोल काळी की तिच्यात दार, आकाश आणि चौघांची डोकी दिसत होती. पातळ होत गेली तिथे ती गडद तपकिरी, मग जळक्या मधासारखी. आणि जिथे ती पांढऱ्याला भिडली होती तिथे दोन्ही एकमेकांत शिरून तिसरंच काही झालं होतं. सोनेरी केसांसारख्या बारीक रेषा, त्यांच्या मध्ये धुरकट निळं, आणि खाली उतरलेल्या ओघळांच्या टोकांना एकेक थेंब, पडता पडता थांबलेला.

दातवालीच्या टेबलावर रंगांची पट्टी असायची. जगातला हर एक दात तिच्यातल्या कुठल्या ना कुठल्या छटेत बसतो, असं ती मानायची, आणि ते खरंही होतं. या रंगासाठी तिच्याकडे पट्टी नव्हती. जुळवायला शेजारी काही नव्हतं. हा कोणी मागितला नव्हता, कोणी मिसळला नव्हता. तिने अंगठा त्या ओघळावरून फिरवला. काचेसारखा गुळगुळीत होता.

बाईंनी बरणी घेतली, पालथी केली, पुन्हा सरळ केली. मग त्यांनी विचारलं,

"कुठली माती ही?"

नवऱ्याने अपराध्यासारखं अंगणाकडे बोट केलं. "गटारासाठी खणत होतो बाई."

बाई खड्ड्याशी गेल्या. काठावर उकिडव्या बसल्या, आत हात घालून त्यांनी भिंतीतून चिमूटभर माती ओरबाडली आणि बोटांत चोळली. "इथून कधीकाळी पाणी वाहत असणार. डोंगर झिजवून झिजवून आणलेला गाळ आहे हा. लोखंड आहे यात, चुना आहे, आणखी काय काय आहे ते त्या पाण्यालाच ठाऊक. कमी आंचेला ही माती आहे. जास्त आंच दिली की ही काच होते. तुम्ही हिचं भांडं करायला गेलात, अहो, ही तयार झिलई आहे! पाण्यात कालवा, चाळा, भांड्यावर ओता. बाकी काही घालायला नको."

"म्हणजे," नवरा म्हणाला आणि त्याने खड्ड्याकडे पाहिलं. "म्हणजे मी इतकी वर्षं जे उपसून ट्रॉलीत भरून फेकत आलो..."

"सगळंच नाही," बाई म्हणाल्या. "पण काही काही, हो."

तो खड्ड्यात उतरला आणि मातीच्या भिंतीला तळवा लावून उभा राहिला. दातवालीने त्याला पुष्कळदा खड्ड्यात उभं पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं.

बरणी बाईंनी दोन दिवसांसाठी म्हणून मागून नेली ती चांगली दोन आठवड्यांनी परत केली. मग ती पुढच्या खोलीच्या खिडकीत राहिली. तिच्यात काही भरावं असं कोणाच्याच मनात आलं नाही. ताई शब्दकोडं सोडवायला रोज तिच्यासमोर बसायच्या आणि कोडं तसंच राहायचं.

पुढच्या भाजणीत अंगणातली माती चाळून कपांवर ओतली होती. या वेळी तळाशी जाड ताटल्या घालायला कोणी विसरलं नाही. कप निघाले ते काळे-तपकिरी, प्रत्येकाच्या ओठाशी सोनेरी कड, आणि एकासारखा दुसरा नाही. एकाच पिंपातली माती, एकच भट्टी, तरीही. सारखेपणावर जिची हयात गेली ती दातवाली ते कप जमिनीवर ओळीने मांडून दुपारभर बघत बसली.

नवरा आता कामावर जाताना डबे घेऊन जायला लागला. जिथे खणायचा तिथली मूठभर माती आणायचा. दातवाली तिचा पातळ लेप भाजक्या मातीच्या छोट्या छोट्या तुकड्यांवर लावून भाजायची. शाळेमागची माती मधाच्या रंगाची झाली. दवाखान्याच्या पायाखालची शेवाळी हिरवी, तिच्यात तारे विखुरल्यासारखे ठिपके. पावभट्टीच्या गल्लीतली फुगून तिचे बुडबुडे झाले. एक तुकडा मात्र भट्टीतून गेला तसाच बाहेर आला. ढिम्म, करडा, खरखरीत.

"ही कुठली?" ताईंनी विचारलं.

"तुझ्या टेलिफोन कचेरीच्या आवारातली."

"वाटलंच मला," ताई म्हणाल्या. "आमचं खातं कधी कोणापुढे वितळलं नाही."

दातवाली सकाळी प्रयोगशाळेत चालत जायची. तो रस्ता तिच्या इतका पायाखालचा होता की ती डोळे मिटून गेली असती. आता मात्र ती मध्येच थांबायची. डांबर, त्याखाली खडी, त्याखाली काळोखात दडलेला कुठलातरी रंग, कोणीही न पाहिलेला, आणि त्यावरून माणसं, सायकली, कुत्री, पोरं आपली निघालेली. कोणाला हटकून सांगावं असं तिला फार वाटायचं. सांगणार काय, हे न कळून ती पुढे जायची.

मग एकदा, ती चाकावर बसलेली असताना, फोन वाजला. दोन्ही हात मनगटापर्यंत चिखलात होते. ताईंनी फोन उचलून तिच्या कानाशी धरला.

"ऐक ना," नवरा पलीकडून बोलत होता, आणि तो चक्क हळू आवाजात बोलत होता. "इथे नव्या पुलाच्या पायासाठी खणलंय. पार खाली. माती निळी लागलीये गं. खरीखुरी निळी. हातात धरली तर लोण्यासारखी मऊ आणि गारगार. हिने ऊन बघितलं त्याला किती काळ झाला असेल कोण जाणे. मी नुसता धरून उभा आहे. बाकीचे हसतायत मला." तो थांबला. "आणू का?"

चाक फिरत होतं. हाताखालचा गोळा मधोमध स्वस्थ उभा होता.

"आणा," ती म्हणाली. "आणि हळू आणा."